आजेसासऱ्यांच्या समाधीवर मारलेले तणनाशक अर्जदाराच्या नावे न धरण्याबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
पर्यावरणपूरक शेती अनुदान कक्ष,
उनहा जिल्हा कार्यालय
(खिडकी क्रमांक तीन यांच्यामार्फत)

अर्जदार : श्रीमती बान सुन्ये, वय ६१, व्यवसाय भातशेती, राहणार मौजे सोतबावी

विषय : प्रमाणपत्र रद्द न करता अनुदानास पात्र धरण्याबाबत; तसेच अर्जदार ही प्यो कुळातील आहे किंवा नाही, हे एकदाचे ठरवून देण्याबाबत.

संदर्भ : १) भातात तणनाशकाचा अंश आढळल्याबाबतचे आपले पत्र.
२) अर्जदार व खिडकी क्रमांक तीन यांच्यात वेळोवेळी झालेली समक्ष चर्चा.
३) प्यो कुळाची बैठक, जिला अर्जदारास बोलावले होते, परंतु बसविले नव्हते.

महोदय,

१. अर्जदार ही कै. प्यो ब्योंगसू यांची पत्नी असून त्यांच्या पश्चात डोंगराच्या पायथ्याची चार खाचरे ती एकटी कसते. शेतात औषध न मारण्याचा निर्णय तिने निसर्गावरील प्रेमापोटी घेतला, असे आपल्या कक्षाच्या माहितीपत्रकात तिच्या छायाचित्राखाली छापले आहे. ते तितकेसे खरे नाही. पती गेल्यावर फवारणीचा पंप तिला पाठीवर उचलवेना, एवढेच खरे. तिने पंप विकला आणि गोगलगाई आणल्या. गोगलगाई तण खातात, मजुरी मागत नाहीत आणि पाऊस आला म्हणून घरी जात नाहीत. पुढे खाचरात बेडूक बोलू लागले, बगळे उतरू लागले, गावच्या शाळेतली मुले दर जूनमध्ये बादल्या घेऊन गोगलगाई सोडायला येऊ लागली आणि शाळेच्या स्वयंपाकघरात अर्जदाराचाच तांदूळ शिजू लागला. तेव्हा कोठे आपण काहीतरी बरे करीत असल्याचा अर्जदारास संशय आला. माहितीपत्रकातील मजकूर अशा रीतीने उशिरा का होईना खरा ठरला, ही बाब कक्षाच्या निदर्शनास आणून देण्यात येत आहे.

२. यंदाचे पीक हे संक्रमणकाळातील शेवटचे पीक. या हंगामात प्रमाणपत्र शाबूत राहिले तर खाचरे पूर्ण सेंद्रिय ठरतात, अनुदान मिळते आणि शाळा तांदूळ घेत राहते. रद्द झाले तर सारे पुन्हा पहिल्या वर्षापासून. अर्जदाराच्या गुडघ्यांत तेवढी वर्षे उरलेली नाहीत, असे हाडांच्या डॉक्टरांचे मत आहे. गावप्रमुख म्योंग यांचे मत याहून थोडक्यात आहे. ते म्हणतात, "वहिनी, द्या ना सोडून. सौर पॅनेलवाल्यांना भाड्याने द्या जमीन. पॅनेलला ना तण येतं, ना गोगलगाय लागते. तुम्ही आपल्या पाय पसरून टीव्ही बघा." अर्जदाराने टीव्ही पाहून पाहिला आहे. तिला ते जमत नाही.

३. आता प्रत्यक्ष घटनेविषयी. वरच्या खाचराच्या माथ्याला, बांधापासून चार पावलांवर, अर्जदाराचे आजेसासरे कै. प्यो चिल्सॉन यांची समाधी आहे. छुसोकच्या सणाआधी कुळातील पुरुषमंडळी शहरांतून येऊन पूर्वजांच्या समाध्यांवरचे गवत कापतात, हे आपणांस सांगावयास नको. आपणही आपल्या गावी जात असालच. पूर्वी सोतबावीला या कामासाठी दोन गाड्या भरून माणसे येत. मग एक गाडी येऊ लागली. यंदा एकटे थोरले भाऊजी आले.

थोरले भाऊजी म्हणजे श्री. प्यो ब्योंगहुन, अर्जदाराच्या पतीचे थोरले चुलतभाऊ, सोल येथील बँकेतून निवृत्त, कुळाचे थोरले वारस. त्यांच्या खांद्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने गवत कापण्याचे यंत्र त्यांना धरवत नाही. मुलगे येत नाहीत. पैसे देऊन माणसे लावावीत, तर कुळात बोलणी बसतात की पूर्वजांची सेवा मजुरांकडून करवली. तेव्हा भाऊजींनी स्वतःच्या हाताने सेवा करता येईल असा मार्ग काढला. हलका प्लास्टिकचा पंप पाठीला लावून त्यांनी समाधीभोवतीच्या गवतावर तणनाशक मारले, दोनदा वाकून नमस्कार केला, आणि पंपासकट आपले छायाचित्र कुळाच्या मोबाइल ग्रुपवर टाकले. खाली लिहिले होते, "यंदा एकट्याने केलं. आजोबांना इतकं चकाचक कोणी केलं होतं का?" अकरा जणांनी हात जोडल्याचे चित्र पाठविले. अर्जदारानेही पाठविले. पंपात पाणी असेल असे तिला वाटले होते. का वाटले, ते तिला आता सांगता येत नाही.

त्या आठवड्यात पाऊस पडला. त्यानंतर वरच्या बांधावरचे गवत पिवळे पडले. अर्जदाराने ते पाहिले आणि त्याच दिवशी आपल्या कक्षास स्वतः फोन करून तपासणीस बोलाविले. हे कळल्यावर गावप्रमुखांनी कपाळाला हात लावला. "स्वतःच फोन केलात? वहिनी, तुम्ही ना, वर्गात चिठ्ठी सापडली की आपणच बाईंना नेऊन देणाऱ्यांतल्या! गुपचूप पाणी सोडायचं, बांध धुऊन काढायचा, मग चहा प्यायचा." अर्जदारास तसे सुचले नाही. सुचले असते तर हा अर्ज वाचण्याचा आपला वेळ वाचला असता, याबद्दल ती दिलगीर आहे.

४. आपल्या पत्रात प्रमाणपत्र वाचविण्याचे तीन मार्ग दिले आहेत व त्यांपैकी कोणताही एक महिनाअखेरपर्यंत पूर्ण करावयाचा आहे. (अ) फवारणी करणाऱ्याचे लेखी कबुलीपत्र, किंवा त्याच्याविरुद्ध दिलेल्या पोलीस तक्रारीची प्रत. (ब) प्रदूषणाचे उगमस्थान शेतालगतून कायमचे हलविल्याचा पुरावा. (क) लगतच्या जमीनधारकाचे, यापुढे फवारणी होऊ देणार नाही, असे सहीचे हमीपत्र. अर्जदाराने तिन्ही मार्ग चालून पाहिले आहेत. त्याचा वृत्तांत येणेप्रमाणे.

५. मार्ग (अ). अर्जदाराने थोरल्या भाऊजींना फोन करून कबुलीपत्र मागितले. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देते : "सुरिनची आई, मी काय विष घातलं का कुणाला? आजोबांची दाढी केली, दाढी!" सुरिन ही अर्जदाराची मुलगी, ती परदेशी असते आणि या प्रकरणी तिने आईला "सगळं विकून इकडे ये" यापलीकडे काही सुचविलेले नाही. भाऊजी पुढे म्हणाले, "आणि काय लिहून देऊ? कुळाच्या थोरल्या वारसाने पूर्वजाच्या अंगावर विष फवारलं, खाली सही? उद्या पूजेला पहिला प्याला मला ओतू देतील का ही मंडळी? ग्योंगजूला राहणारा तो धाकटा भाऊ तर टपूनच बसलाय. तुमच्या चार पोती तांदळासाठी मी तोंड लपवत फिरू?" अर्जदारास त्यांचा राग आला, आणि त्यांची कीवही आली. या दोहोंसाठी आपल्या नमुन्यात रकाना नसल्याने येथेच नोंद करते. छुसोकला त्यांच्याकडून साबण व टूथपेस्टचा भेटखोका आला. तो उघडलेला नाही.

छायाचित्राचा पुरावा खिडकी क्रमांक तीनवर दाखविला असता तेथील बाईंनी तो बराच वेळ मोठा करून पाहिला. "काकू, पंप दिसतोय. पंपात काय आहे ते कुठे दिसतंय? परफ्यूमही असेल." दरम्यान भाऊजींनी ग्रुपवरून छायाचित्र काढून टाकले व तेथे डोंगराचे टाकले.

पोलीस चौकीवर अर्जदार गेली होती. हवालदारांनी लेखणी हातात घेतली, ऐकून घेतले आणि खाली ठेवली. "म्हणजे नातवाने आजोबांच्या समाधीवरचं गवत काढलं, आणि तुम्हाला तक्रार द्यायचीय. वहिनी, माझी आई हयात आहे अजून. हे मी लिहिलं तर मला घरी जेवायला मिळायचं नाही." त्यांनी अर्जदारास बार्लीचा चहा दिला. चहाची प्रत जोडता येत नाही.

६. मार्ग (ब). प्रदूषणाचे उगमस्थान म्हणजे समाधी. ती हलवावी, असे आपला कक्ष सुचवितो. समाधी केव्हाही हलवता येत नाही. हलवलीच तर अधिक महिन्यात, जेव्हा देवदेवतांचे लक्ष नसते व त्यामुळे कोणाला बाधा होत नाही. यंदाचा अधिक महिना ऑगस्टमध्ये संपला. पुढचा तीन वर्षांनी आहे. आपली मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. देवदेवतांचे लक्ष नसण्याची ही वेळ कक्षाच्या विनंतीवरून अलीकडे आणता येईल का, असे अर्जदाराने समाधीची जागा व मुहूर्त पाहणाऱ्या गावच्या भूमिज्ञ गृहस्थांना विचारले. त्यांनी अर्जदाराच्या तब्येतीची चौकशी केली.

तरीही अर्जदाराने विषय कुळाच्या बैठकीत मांडण्याची परवानगी मागितली. बैठक थोरल्या भाऊजींच्या सोलमधील घरी झाली. अर्जदार पहाटेच्या बसने, वरच्या खाचरातील गेल्या वर्षीच्या तांदळाचे वडे घेऊन गेली. वडे सर्वांनी खाल्ले. अर्जदार दाराजवळ उभी राहून बोलू लागली, तेव्हा थोरल्या भाऊजींनी हात वर केला. "सुरिनची आई, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण समाधीचा निर्णय रक्ताचा असतो. तुम्ही जन्माने बान घराण्यातल्या. इथे तुम्हाला मत नाही." ग्योंगजूला राहणाऱ्या धाकट्या दिरांनी, जे एरवी भाऊजींच्या प्रत्येक वाक्याला आडवे जातात, या वाक्याला तेवढी मान डोलावली. गेल्या अनेक वर्षांत प्यो कुळात एकमताने झालेला हा पहिलाच ठराव असावा. मग कोणीतरी म्हणाले, "वडे मात्र झकास हं, वहिनी."

७. मार्ग (क). समाधीची जमीन लहानशी, वेगळ्या गटाची आहे. ती कोणाच्या नावे आहे, हे पाहिले असता ती समाधीत असलेल्या कै. प्यो चिल्सॉन यांच्याच नावे निघाली. ते जाऊन अर्धे शतक उलटले. फेरफार करायचे राहून गेले. खिडकी क्रमांक तीनवर ही अडचण सांगितली, तेव्हा बाई सौम्यपणे म्हणाल्या, "काकू, नियम आहे. जमीन ज्यांच्या नावावर, हमीपत्रावर सही त्यांचीच लागते." अर्जदाराने त्यांना जमीनधारकाच्या सद्यःस्थितीची कल्पना दिली. "मग वारसांची चालेल," त्या म्हणाल्या. "सगळ्या वारसांची." वारसांत पहिले नाव थोरल्या भाऊजींचे आहे.

अर्जदाराने तरीही जमीनधारकाशी थेट संपर्क साधला. समाधीपुढे सुका मासा व नाशपाती मांडून, तांदळाची दारू तीनदा ओतून, यापुढे आपल्या जागेवर फवारणी होऊ देऊ नये, अशी त्यांना तोंडी विनंती केली व हरकत असल्यास तीन दिवसांत कळविण्यास सांगितले. विहित मुदतीत हरकत आलेली नाही. याचे साक्षीदार म्हणून गावप्रमुखांची सही घेतली आहे. सही करताना ते म्हणाले, "वहिनी, मी दारूच्या बाटलीची साक्ष देतो. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

८. तिन्ही मार्ग असे संपल्यावर खिडकी क्रमांक तीनवरील बाईंना खरोखरच अर्जदाराची दया आली. त्यांनी जेवणाची सुट्टी सोडून नियमावली वाचली आणि त्यात आणखी एक कलम सापडले. बाहेरच्या माणसाने शेतकऱ्याच्या नकळत केलेली फवारणी शेतकऱ्यावर धरली जात नाही. गावप्रमुखांचा दाखला पुरेसा होतो. अर्जदाराने त्यांचे दोन्ही हात धरले. मग बाईंनी कलमाची पुढची ओळ वाचली आणि हात हळूच सोडवून घेतले. "पण फवारणी कुटुंबातल्या माणसाने केली असेल, तर ती शेतकऱ्यानेच केली असं धरतात. काकू, ते तुमचे दीर ना? म्हणजे कुटुंबच झालं."

९. महोदय, अर्जदाराची प्रार्थना आहे ती येथे.

सोलमधील बैठकीत अर्जदार कुटुंबातील नव्हती. उनहामधील खिडकीवर ती कुटुंबातील आहे. या दोन ठिकाणांमध्ये बस बदलते, पण माणूस तेच असते. ती प्यो कुळातील असेल, तर समाधी हलविण्यासाठी तिचे मत धरले पाहिजे होते. नसेल, तर श्री. प्यो ब्योंगहुन हे बाहेरचे गृहस्थ आहेत, त्यांनी अर्जदाराच्या नकळत फवारणी केली, आणि तिचे प्रमाणपत्र शाबूत राहिले पाहिजे. कूळ म्हणते बाहेरची, कक्ष म्हणतो आतली. आणि दोन्हीकडे नुकसान तेवढे अर्जदाराचे. लग्न होऊन ती या गावात आली त्या दिवसापासून पूजेचे पान तिने वाढले, भांडी तिने घासली, सासूबाईंचे अखेरचे आजारपण तिने काढले. तेव्हा ती आत आहे की बाहेर, हे कोणी विचारले नव्हते आणि तिनेही विचारले नव्हते. आता शेतावर बेतले आहे म्हणून विचारते आहे.

१०. यावर निर्णय देण्यास कक्षाला कागद लागेल, हे जाणून अर्जदाराने थोरल्या भाऊजींना पुन्हा फोन केला आणि इतकेच मागितले, की बैठकीत जे तोंडी सांगितले ते लेखी द्यावे : बान सुन्ये ही प्यो कुळातील नाही. यात फवारणीचा उल्लेख नाही, विषाचा नाही, त्यांच्या मानाला धक्का नाही.

भाऊजी म्हणाले, "देतो. का नाही देणार? खरंच आहे ते." आणि पुढे, "पण मग सुरिनची आई, एक बोलून ठेवतो. ब्योंगसूच्या शेजारची जागा तुमच्यासाठी राखलीय. कुळाच्या डोंगरावर कुळाबाहेरचं माणूस ठेवता येत नाही. हे मी नाही म्हणत हो. रीत म्हणते." त्यांनी हे रागाने म्हटले नाही. त्यांना वाटत होते की आता अर्जदार मागे हटेल, आणि सर्वांचीच सुटका होईल.

अर्जदाराने एक रात्र मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोंगरावर गेली. पतीच्या शेजारची ती जागा लहान आहे, पण उताराला नाही, पाणी साचत नाही, आणि तेथून चारही खाचरे दिसतात. वरचे खाचर त्या दिवशी कापणीला आलेले होते. अर्जदाराने पतीला सगळी हकीकत सांगितली. त्यांनी उत्तर दिले नाही. परंतु हयातीतही शेताच्या बाबतीत ते अर्जदाराचे ऐकून घेत व मुकाट्याने पंप उचलत. तेव्हा त्यांची संमती गृहीत धरली आहे. खाली येऊन तिने भाऊजींना फोन केला, "लिहून द्या."

कागद तिसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने आला. भाऊजींचे अक्षर बँकेत काम केलेल्या माणसाचे, सरळ आहे. शेवटच्या ओळीत मात्र शाई फुटलेली आहे. ती पोस्टात फुटलेली नाही.

११. सबब, अर्जदाराची नम्र विनंती अशी की,

(१) सोबतच्या कागदाच्या आधारे श्री. प्यो ब्योंगहुन यांस अर्जदाराच्या दृष्टीने बाहेरचा इसम ठरवावे;

(२) त्यांनी केलेली फवारणी अर्जदाराच्या नावे धरू नये, व त्यांच्यावरही काही कारवाई करू नये, कारण ते आजोबांची सेवा करीत होते आणि त्यांच्यासोबत कोणी आले नव्हते;

(३) वरच्या खाचराचे यंदाचे भात बाजूला काढावे, त्यास अर्जदाराची हरकत नाही, मात्र खालच्या तीन खाचरांचे भात शाळेला देऊ द्यावे. मुले पुढच्या जूनचे विचारून गेली आहेत;

(४) प्रमाणपत्र कायम ठेवून अर्जदारास अनुदानास पात्र धरावे.

अर्जदाराच्या पश्चात तिची व्यवस्था कोठे लागावी, हा आपल्या कक्षाचा विषय नाही, याची तिला जाणीव आहे. त्याबाबत या अर्जाद्वारे काहीही मागितलेले नाही.

महिनाअखेर जवळ आली असल्याने उत्तर लवकर यावे. पोस्टमन घरी आला आणि अर्जदार दिसली नाही, तर त्याने शेतात हाक मारावी.

आपल्या शब्दाकडे डोळे लावून असलेली,

बान सुन्ये
(सही व शिक्का)
मौजे सोतबावी
दि. २४ ऑक्टोबर २०२५

सोबत जोडलेली कागदपत्रे :

१. थोरल्या भाऊजींच्या छायाचित्राची छापील प्रत, पंपासह. (काढून टाकण्यापूर्वी जतन केलेली.)

२. जमीनधारकाकडून मुदतीत हरकत न आल्याबाबतचा दाखला, गावप्रमुखांच्या सहीचा, बाटलीपुरता.

३. फवारणी अर्जदाराच्या नकळत झाल्याबाबत गावप्रमुखांचा वेगळा दाखला. हा त्यांनी न हसता दिला.

४. अर्जदार ही प्यो कुळातील नसल्याबाबत कुळाचे थोरले वारस यांचे पत्र.

५. पतीच्या शेजारील जागेवरील हक्क सोडल्याचे अर्जदाराचे पत्र. ही मूळ प्रत आहे. अर्ज मंजूर झाल्यास कक्षाने ती दप्तरी ठेवावी. नामंजूर झाल्यास मात्र कृपया टाकून देऊ नये, परत पाठवावी. मग ती जागा अर्जदारास हवी आहे.